चिन्हे ओळखता आली, म्हणजे वाचता आले?

जानेवारी २०२५ मध्ये सिंधू संस्कृतीच्या शोधाच्या शताब्दीनिमित्त चेन्नईत एक परिषद भरली होती. त्या परिषदेत तामिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी सिंधू लिपीचा उलगडा करणाऱ्यास दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. ती बातमी देशभर गाजली. तेव्हापासून ‘सिंधू लिपी अखेर वाचली’ असा नवा दावा कोठे ना कोठे प्रसिद्ध होतो आणि विद्यार्थी विचारतात, ‘हे खरे का?’ या प्रश्नाचे उत्तर देताना बहुतेक जण इजिप्तचा दाखला देतात. रोझेटा शिळा सापडली, शाँपोलियन नावाचा प्रतिभावंत तरुण पुढे आला, १८२२ साली त्याला किल्ली गवसली आणि हजारो वर्षे मुकी असलेली चित्रलिपी बोलू लागली. मग आपल्याही लिपीला असाच एखादा शाँपोलियन का मिळू नये?

माझे म्हणणे असे की इजिप्तची ही गोष्ट आपण अर्धीच सांगतो, आणि नेमका उपयोगाचा अर्धा भाग गाळतो. १८२२ साली चिन्हांचे उच्चार कळण्याचा मार्ग मोकळा झाला. पण प्राचीन इजिप्शियन वाक्ये खात्रीने वाचता येण्यासाठी पुढची शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि ती गेली व्याकरण रचण्यात. ज्याला आपण उलगडा म्हणतो तो त्या कामाचा पहिला टप्पा होता. हे न कळल्यामुळे आपण खोट्या दाव्यांना भुलतो, आणि त्याहून वाईट म्हणजे, खरे काम करणाऱ्यांकडे पाठ फिरवतो.

प्रथम शाँपोलियनला काय मिळाले होते ते पाहू. रोझेटा शिळा १७९९ साली सापडली. तिच्यावर पाचव्या टॉलेमीच्या काळातील, इसवी सनपूर्व १९६ मधील एक आज्ञापत्र चित्रलिपी, डेमोटिक आणि ग्रीक अशा तीन लिप्यांत कोरलेले आहे. ग्रीक मजकूर वाचता येत होता. चौकटीत कोरलेली राजांची नावे जुळवून काही चिन्हांचे ध्वनी ठरवण्याचा प्रयत्न इंग्लंडमध्ये टॉमस यंगने आधीच केला होता. शाँपोलियनचे वैशिष्ट्य असे की त्याने लहानपणापासून कॉप्टिक भाषेचा ध्यास घेतला होता. कॉप्टिक ही इजिप्शियनचीच शेवटची अवस्था असून ती ग्रीक वर्णांत लिहिली जाते आणि इजिप्तमधील ख्रिस्ती उपासनेत टिकून राहिली आहे. म्हणजे ज्या भाषेची लिपी उलगडायची होती, तिची उत्तरावस्था त्याला आधीपासून अवगत होती. २७ सप्टेंबर १८२२ रोजी त्याने दासिये यांना उद्देशून लिहिलेला प्रबंध पॅरिसमध्ये वाचला गेला. दहा वर्षांतच, १८३२ साली, तो वारला. त्याचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १८३६ ते १८४१ या काळात छापले गेले. लेप्सियसने १८३७ साली त्यातील ध्वनिव्यवस्थेत मोठी दुरुस्ती सुचवली. १८६६ साली कॅनोपसचे आज्ञापत्र हा आणखी एक बहुभाषिक लेख सापडला, तेव्हा या पद्धतीची स्वतंत्र कसोटी झाली आणि ती पद्धत उत्तीर्ण झाली. आधी मांडलेला सिद्धांत नंतर मिळालेल्या पुराव्यावर तपासला गेला. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी या गोष्टीतली ही पायरी विसरू नये.

आता लिपीकडे वळू. पक्षी, डोळा, पाय, घर अशी चित्रे पाहून वाटते की ही चित्रांची भाषा आहे. तसे नाही. तिच्यात तीन प्रकारची चिन्हे एकत्र नांदतात. काही चिन्हे चितारलेल्या वस्तूचाच शब्द दर्शवतात. काही निव्वळ ध्वनी दर्शवतात, कधी एका व्यंजनाचा, कधी दोन वा तीन व्यंजनांच्या समूहाचा. एकव्यंजनी चिन्हे चोवीस आहेत. तिसरा प्रकार निर्धारक चिन्हांचा. ती शब्दाच्या शेवटी येतात, त्यांचा उच्चार होत नाही, पण शब्द कोणत्या वर्गातला आहे हे ती सांगतात. घराच्या चित्राचा उच्चार ‘प-र’ असा आहे. तेच चित्र ‘बाहेर पडणे’ या क्रियापदातही येते, कारण त्याची व्यंजनेही ‘प-र’ अशीच आहेत. तेथे शेवटी चालणारे दोन पाय काढले जातात आणि घराचा अर्थ गळून केवळ ध्वनी उरतो.

त्यात आदरार्थी स्थानबदलाची भर पडते. देवाचे नाव शब्दात शेवटी उच्चारले जात असले तरी मानाने ते आधी लिहायचे, असा लेखनिकांचा प्रघात होता. तुतनखामुन या नावातील चिन्हे लिहिलेल्या क्रमाने वाचली तर ‘आमुन-तुत-अंख’ असे होते. शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. लेखन उजवीकडून डावीकडे किंवा डावीकडून उजवीकडे, दोन्ही प्रकारे होते. प्राण्यांची व माणसांची तोंडे ज्या बाजूला, त्या बाजूने वाचायला सुरुवात करायची.

उच्चार नसलेले चिन्ह किती भार वाहते याचे प्रसिद्ध उदाहरण मर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात आहे. इसवी सनपूर्व १२०८ च्या सुमाराचा हा लेख फ्लिंडर्स पेट्रीला १८९६ साली थीब्झ येथे सापडला. त्यात पराभूतांची नावे ओळीने दिली आहेत. अश्कलोन, गेझेर आणि यानोआम या नावांपुढे परकीय प्रदेशाचे निर्धारक चिन्ह आहे. इस्राएल या नावापुढे मात्र ते नसून लोकसमूहाचे, म्हणजे पुरुष, स्त्री आणि बहुवचनाच्या रेघा असे चिन्ह आहे. त्या काळी ‘इस्राएल’ हे एका लोकसमूहाचे नाव होते, ठरलेल्या भूप्रदेशाचे नव्हते, असा निष्कर्ष अनेक अभ्यासक त्यावरून काढतात. इतिहासातील एवढा मोठा वाद एका मूक चिन्हाभोवती फिरतो.

इथपर्यंत लिपीचे झाले. खरी अडचण पुढे आहे. ही लिपी स्वर लिहीत नाही.

मराठीत हे करून पाहावे. फक्त ‘म-र-ल’ एवढी व्यंजने लिहिली आहेत असे समजा. वाचणार काय? ‘मरेल’, ‘मारेल’, ‘मारला’, ‘मारली’, ‘मुरला’. मरणारा कोण आणि मारणारा कोण, घटना होऊन गेली की व्हायची आहे, हे सारे न लिहिलेल्या स्वरांत आहे. इजिप्शियन क्रियापदाची स्थिती अशीच आहे. व्याकरणकारांनी नमुन्यादाखल ‘ऐकणे’ हे क्रियापद घेतले. त्याची व्यंजने स-ज-म. त्याला ‘फ’ हा ‘तो’ या अर्थाचा प्रत्यय लावला की ‘सेजेमेफ’ होते. यातील ‘ए’ हा स्वर उच्चाराच्या सोयीसाठी अभ्यासकांनी घातलेला आहे, तो प्राचीन उच्चार नव्हे. हे एकच लिखित रूप ‘तो ऐकतो’, ‘त्याने ऐकावे’, ‘तो ऐकेल’ अशा वेगवेगळ्या अर्थांनी येते. बोलणारा इजिप्शियन माणूस ते स्वरांनी वेगळे करत असावा. आपल्याला ती रूपे ओळखायची असतील तर दोनच आधार उरतात. एक, ज्या क्रियापदांची रूपे व्यंजनांतही बदलतात त्यांच्याशी तुलना करणे. आणि दोन, वाक्यात ते रूप कोठे येते, त्याच्या आधी आणि नंतर काय येते, याची हजारो उदाहरणे गोळा करणे.

हे काम कोणी केले? १८८० साली अडोल्फ एर्मान यांनी उत्तरकालीन इजिप्शियनचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि एक साधी पण निर्णायक गोष्ट दाखवली, की तीन हजार वर्षे लिहिली गेलेली ही भाषा एक नाही. तिच्या प्राचीन, मध्य, उत्तरकालीन, डेमोटिक आणि कॉप्टिक अशा अवस्था आहेत आणि प्रत्येकीचे व्याकरण वेगळे आहे. ज्ञानेश्वरीची मराठी आणि आजच्या वर्तमानपत्राची मराठी एकाच नियमांनी लावू पाहणाऱ्याची जी गत होईल, ती तोवर इजिप्तच्या अभ्यासकांची होत होती. कुर्ट झेटे यांनी १८९९ पासून केवळ क्रियापदावर खंड लिहिले. १९२७ साली ॲलन गार्डिनर यांचे मध्य इजिप्शियनचे व्याकरण आले. त्यातील चिन्हांची २६ गटांत केलेली सूची आजही जगभर प्रमाण मानली जाते. त्या सूचीत पक्ष्यांचा गट वेगळा, अवयवांचा वेगळा, आणि कशातच न बसणाऱ्या चिन्हांनाही त्यांचा स्वतंत्र गट आहे.

तरीही काम संपले नव्हते. काही क्रियापदांत एक व्यंजन दोनदा लिहिलेले दिसते. गार्डिनर यांच्या मते ही रूपे चालू किंवा पुनःपुन्हा घडणारी क्रिया दर्शवत. १९४४ साली हान्स याकोब पोलोत्स्की यांनी कॉप्टिकच्या अभ्यासातून वेगळेच मत मांडले, आणि पुढे ते प्राचीन अवस्थांनाही लागू केले. त्यांच्या मते अशा रूपांचे काम काळ दाखवणे नसून वाक्यातील जोर क्रियापदावरून काढून दुसऱ्या अंगावर नेणे हे आहे. मराठी वाचकाला हे चटकन समजेल. ‘तो काल आला’ आणि ‘तो आला तो कालच’ या दोन वाक्यांत घटना एकच आहे. पण दुसऱ्यात ‘आला’ ही बातमी नाही, ‘कालच’ ही बातमी आहे. हा भेद न ओळखता अनुवाद केला तर प्रत्येक शब्द बरोबर असूनही वाक्य चुकते. पोलोत्स्कींच्या मांडणीलाही पुढच्या पिढीने आव्हान दिले आणि तिचे काही भाग बदलले. १८२२ ते १९४४ हे अंतर १२२ वर्षांचे आहे. किल्ली सापडल्यानंतर एवढ्या काळाने एका क्रियारूपाचे कार्य नीट लक्षात आले.

‘पण हा भाषातज्ज्ञांचा किस्सा झाला, विज्ञानाच्या वाचकाला त्याचे काय?’ असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात असलेल्या एका गणिती पपायरसात आहे. इसवी सनपूर्व १८५० च्या सुमाराच्या या परंपरेतील दहाव्या उदाहरणात एका ‘टोपली’चे क्षेत्रफळ काढले आहे. माप साडेचार, उत्तर ३२. व्ही. व्ही. स्ट्रुवे यांनी १९३० साली हा ग्रंथ प्रकाशित करताना ‘टोपली’ म्हणजे अर्धगोल असे मानले. ते खरे असेल तर अर्धगोलाच्या पृष्ठफळाचे सूत्र आर्किमिडीजच्या सुमारे सोळाशे वर्षे आधी नाईलकाठी माहीत होते, असे होते. गणिताच्या इतिहासातील ही विलक्षण घटना ठरली असती. दुसऱ्याच वर्षी एरिक पीट यांनी आक्षेप घेतला. मजकूर खराब झालेला आहे, नक्कल करताना लेखनिकाकडून एक माप गळले असावे, आणि ही आकृती अर्धगोल नसून उभा चिरलेला अर्धा दंडगोल असावी, असे त्यांनी सुचवले.

आता कागद-पेन्सिल घ्या. साडेचार व्यासाच्या अर्धगोलाचे वक्रपृष्ठफळ आजच्या सूत्राने सुमारे ३१.८ येते. साडेचार व्यासाच्या आणि साडेचार लांबीच्या अर्ध्या दंडगोलाचे वक्रपृष्ठफळ किती? तेही नेमके तेवढेच. दोन्ही वाचनांत आकडा एकच असल्याने गणित येथे न्याय देऊ शकत नाही. निकाल द्यायचा तर एका नामाचा अर्थ, एका शब्दयोगी अव्ययाचा उपयोग आणि वाक्याची रचना यांवरच द्यावा लागेल. इजिप्तच्या गणिताची उंची किती होती हा प्रश्न येथे पूर्णपणे व्याकरणाच्या हाती आहे. आजही या उदाहरणावर एकमत नाही.

गणिती आणि वैद्यकीय पपायरसांत क्रियापदाचे आणखी एक खास रूप वारंवार भेटते. त्याच्या धातूनंतर ‘खेर’ हा अंश येतो आणि त्याचा अर्थ आपल्या विध्यर्थाच्या जवळ जातो: ‘मग तू म्हणावेस’, ‘मग ते अमुक व्हायचे’. एडविन स्मिथ पपायरसात जखमांची ४८ प्रकरणे आहेत. रुग्ण तपासल्यावर वैद्याने कोणता निर्णय उच्चारायचा ते तेथे सांगितले आहे: यावर मी उपचार करीन, याच्याशी मी झुंजेन, किंवा यावर उपचार नाही. एखादा ग्रंथ घडलेल्या घटनेची नोंद आहे की पाळावयाच्या पद्धतीचे विधान आहे, हे या क्रियारूपावरून कळते. पद्धत सांगणारी भाषा ही विज्ञानाच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे, आणि ती ओळखण्याचे साधन व्याकरण आहे.

उलट बाजूचे उदाहरणही नाईलकाठीच आहे. इजिप्तच्या दक्षिणेस, आजच्या सुदानमध्ये, मेरोए हे राज्य होते. त्याची स्वतःची लिपी होती. तिची चिन्हे इजिप्शियन चिन्हांवरून घेतलेली असून संख्येने जेमतेम दोन डझन आहेत. गंमत म्हणजे आपल्या लिप्यांप्रमाणे तिच्यातही व्यंजनात ‘अ’ अंतर्भूत असतो. फ्रान्सिस ग्रिफिथ यांनी १९११ च्या सुमारास या चिन्हांचे ध्वनी निश्चित केले. म्हणजे शाँपोलियनचा टप्पा पार पडून शतक उलटले. आज मेरोइटिक लेख कोणीही अभ्यासक मोठ्याने वाचून दाखवू शकतो. पण त्याचा अर्थ? राजांची आणि देवांची नावे, मोजके शब्द, थडग्यांवरील ठरावीक वाक्ये, यापलीकडे बहुतेक मजकूर अंधारात आहे, कारण या भाषेला कॉप्टिकसारखी उत्तरावस्था लाभली नाही. क्लोद रिली यांच्यासारखे अभ्यासक तिची सुदानच्या परिसरातील भाषांशी तुलना करत एकेक शब्द जोडत आहेत. उच्चार मिळाले आणि भाषा मिळाली नाही, असे होऊ शकते याचा हा जिवंत पुरावा आहे.

आपल्याच देशातील उदाहरणही हेच सांगते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी सांचीच्या लहान लहान लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात हे पाहिले आणि तो शब्द ‘दानं’ असावा असा तर्क केला. त्याच्या आधी वारंवार येणारे अक्षर षष्ठीचा ‘स’ प्रत्यय असावे, ‘अमक्याचे दान’ असा अर्थ असावा, हे त्यांना सुचले. ब्राह्मीच्या उलगड्यात विभक्तिप्रत्ययाचा असा हातभार आहे. क्रीट बेटावरील ‘लिनिअर बी’ लिपीच्या बाबतीत तर व्याकरण उच्चाराच्याही आधी आले. अ‍ॅलिस कोबर या अमेरिकी प्राध्यापिकेने एकाही चिन्हाचा उच्चार माहीत नसताना केवळ चिन्हगटांच्या अखेरच्या बदलांवरून ही भाषा विकारी प्रत्ययांची आहे हे १९४० च्या दशकात दाखवून दिले. युद्धकाळात कागद मिळेना, म्हणून जुनी शुभेच्छापत्रे व परिपत्रके कापून त्यांनी सुमारे १,८०,००० टिपणे केली आणि ती सिगारेटच्या खोक्यांत ठेवली. १९५० साली त्या वारल्या. १९५२ साली मायकल व्हेंट्रिस यांनी लिपी उलगडली आणि कीर्ती त्यांच्याकडे गेली. ती त्यांची होतीच. पण पाया कोबर यांच्या खोक्यांत होता.

आता सिंधू लिपीकडे परत येऊ. सरासरी लेख पाचेक चिन्हांचा. इरावतम महादेवन यांच्या १९७७ च्या सूचीत चिन्हांची संख्या ४१७. द्विभाषिक लेख एकही नाही. भाषा कोणती यावर एकमत नाही. अशा स्थितीत कोणी ‘मी वाचली’ म्हणून पुढे आला तर त्याला विचारायचे प्रश्न इजिप्तच्या इतिहासाने आपल्याला दिले आहेत. तुमच्या वाचनातून प्रत्यय दिसतात का? तोच प्रत्यय वेगवेगळ्या लेखांत त्याच जागी, त्याच कामासाठी येतो का? तुम्ही न पाहिलेला लेख समोर ठेवला तर तुमचे नियम न वाकवता तो लागतो का? कॅनोपसच्या शिळेवर शाँपोलियनची पद्धत जशी तपासली गेली, तशी तुमची कशावर तपासायची? शंभराहून अधिक उलगडे आजवर जाहीर झाले आहेत. त्यांतील बहुतेकांची गाडी पहिल्या दोन प्रश्नांशीच अडते. तेथे सुटे शब्द मिळतात, वाक्य मिळत नाही.

यंत्राने हे काम सोपे होईल, अशीही आशा व्यक्त होते. काही अंशी ती खरी आहे. गूगलने २०२० साली ‘फॅब्रिशियस’ हे चित्रलिपीची चिन्हे ओळखू पाहणारे साधन खुले केले. चिन्ह ओळखणे, फुटके तुकडे जुळवणे, वारंवारिता मोजणे यांत यंत्र माणसाला मागे टाकील. पण यंत्राला शिकवायचे कशावर? एर्मान यांनी १८९७ साली इजिप्शियन भाषेच्या कोशाचे काम सुरू केले. त्यासाठी सुमारे पंधरा लाख चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या आणि १९२६ ते १९३१ या काळात मुख्य पाच खंड निघाले. त्या परंपरेतूनच बर्लिनमध्ये आजचा संगणकीय संग्रह उभा आहे आणि त्यात शब्दाशब्दापुढे त्याचे मूळ रूप व व्याकरण नोंदलेले आहे. यंत्र जे शिकते ते या नोंदींवर. माणसांनी लावलेले व्याकरण नसेल तर यंत्र चिन्हांची मोजदाद करील, वाचणार नाही.

पारितोषिकाला माझा विरोध नाही. त्याने समाजाचे लक्ष वेधले गेले, मुलांच्या मनात कुतूहल जागे झाले, हा लाभ मोठा आहे. व्हेंट्रिस हे पेशाने वास्तुविशारद होते, त्यामुळे हौशी माणसाला दार बंद असावे असेही मी म्हणणार नाही. माझी हरकत आहे ती एकट्या विजेत्याच्या कल्पनेला. पारितोषिक शेवटच्या उडीला मिळते. त्या उडीआधीची चाळीस वर्षे सूची करणाऱ्या, चिठ्ठ्या लिहिणाऱ्या, एका प्रत्ययावर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाला काय मिळते? त्याला हवी असते एक नोकरी, एक ग्रंथालय आणि काम अर्धवट राहिले तरी पुढे नेणारा एक विद्यार्थी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाकडे पाहावे. तेथील चिठ्ठ्यांची संख्या सुमारे एक कोटी. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि काम आजही चालू आहे. असा उद्योग कोणत्याही देशाच्या विज्ञानसंपत्तीत मोजला गेला पाहिजे. पण उलगड्याच्या एखाद्या दाव्याला जेवढी प्रसिद्धी एका दिवसात मिळते, तेवढी या कोशाला वर्षभरात मिळत नाही.

हा आक्षेप केवळ सरकारवर नाही. आपणही वाचक म्हणून असेच वागतो. मोडी लिपीची अक्षरे पंधरा दिवसांत शिकता येतात, आणि मग पेशवेकालीन कागद हाती घेतला की माणूस थबकतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द सुटे नाहीत, आणि भाषा तेव्हाची. ज्याने मोडी वाचून पाहिली आहे त्याला चिन्ह ओळखणे आणि कागद वाचणे यांतले अंतर सांगावे लागत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की लिप्यांचे कोडे तुम्हाला ओढून घेत असेल तर ते कुतूहल जपा, पण सुरुवात व्याकरणापासून करा. संस्कृत किंवा प्राकृत शिकलेल्यास इजिप्शियनची काही दालने परिचित वाटतील. ‘सेन’ म्हणजे भाऊ, ‘सेनेत’ म्हणजे बहीण, ‘सेनुई’ म्हणजे दोघे भाऊ. द्विवचन तेथेही आहे. ‘रा आकाशात’ एवढे म्हटले की ‘आहे’ न लिहिताही वाक्य पुरे होते. क्रियापद मात्र वाक्याच्या आरंभी येते, आणि तेथे आपली सवय मोडावी लागते. अशी परकी भाषा नियम लावून, एकेक वाक्य सोडवून शिकली की उलगड्याचा दावा कसा तपासायचा हे वेगळे शिकावे लागत नाही. विद्यापीठांनी प्राकृत, प्राचीन तमिळ आणि मुंडा भाषांबरोबर इजिप्शियन, सुमेरियन, अक्कादियन यांचे लहान का होईना वर्ग उघडावेत. सिंधू खोऱ्याचा व्यापार मेसोपोटेमियाशी होता. द्विभाषिक लेख कधी मिळालाच तर तो कदाचित त्या वाटेवर मिळेल, आणि त्या दिवशी तो वाचू शकणारी माणसे आपल्याकडे असली पाहिजेत. लेख सापडल्यावर ती तयार करायला घेतली तर एक पिढी उशीर झालेला असेल.

पुढच्या वेळी ‘लिपी वाचली’ अशी बातमी आली की ती पुढे पाठवण्याआधी एकच गोष्ट शोधा: त्यात एक तरी पूर्ण वाक्य, त्याच्या क्रियापदासह आणि प्रत्ययांसह, लावून दाखवले आहे का? नसेल तर ती बातमी अजून व्हायची आहे.